कागद दाखवा ना जी

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या घराचं नेमकं काय झालं, हे इतक्या जणांनी फोन करून विचारलं की शेवटी लिहूनच टाकायचं ठरवलं. पुण्याच्या मावशीला अर्धवट कळलंय, अकोल्याच्या आत्याला वाटतंय घर पाडलं (पाडलं नाही, काळजी नसावी!), आणि अमरावतीच्या भाच्याने तर "मामा, तुम्ही कोर्टात गेलात म्हणे" असं विचारलं. तेव्हा एकदाच सगळं सांगतो. त्यात माझी स्वतःची एक फजितीही आहे. ती अजून कुणाला सांगितलेली नाही, ती शेवटाकडे येईल.

तर झालं असं. जुलैच्या एका दुपारी मोटरसायकलवरून दोघं जण आले. घरी आई आणि बायको. फाटक उघडून सरळ बाजूच्या बोळकांडीत शिरले, मोबाईलवर फोटो काढले आणि मग चपला घालूनच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. बायकोने विचारलं, कोण तुम्ही? "ऑफिसातून आलो." कोणत्या ऑफिसातून, ते नाही. नाव नाही, गळ्यात ओळखपत्र नाही, हातात कागद नाही. "हे तर मार्जिनमधे येऊन राहिलं ताई, पाडावं लागते. तक्रार आहे तुमची. साहेबांना येऊन भेटायला सांगा तुमच्या मिस्टरांना." एवढं बोलून गेले.

"हे" म्हणजे आमच्या आईचं न्हाणीघर आणि त्याला लागून टिनाचं एक शेड.

अकरा दिवसांत असे तीनदा लोक आले. दर वेळी वेगळे. दुसऱ्यांदा आलेल्याने टेप लावून मोजलं, पण आकडा कुठे लिहिलेला दिसला नाही. तिसऱ्यांदा आलेला जरा प्रेमळ होता. म्हणाला, "काही टेन्शन घेऊ नका काका, बसून बोलू." बसून काय बोलायचं असतं हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. कोणतं ऑफिस ते मी इथे लिहिणार नाही. मुद्दा एका ऑफिसाचा नाही, आणि पुढे त्याच ऑफिसात मला एक चांगलं माणूसही भेटलं.

आता आमची बाजू. आमचं चुकलेलं आहे. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

बाबांनी १९८८ मध्ये दक्षिण नागपुरात एका सोसायटीकडून पंधराशे फुटांचा प्लॉट घेतला. तेव्हा तिथे शेत होतं आणि कागदावरही शेतच होतं. नागपूरच्या बाहेरच्यांना हे कळायला जरा अवघड जातं, म्हणून थोडं सांगतो. आमच्या शहराच्या कडेने कित्येक वस्त्या अशाच वसल्या. कुणीतरी शेत घ्यायचं, चुन्याने रेघा मारायच्या, तुकडे विकायचे. रस्ता नाही, गडर नाही, नकाशाला मंजुरी नाही. लोक घरं बांधून राहायला जायचे आणि मग नियमित करून घेण्यासाठी वर्षानुवर्षं चकरा मारायचे. १९३६ च्या कायद्याने जन्मलेली नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आमची नासुप्र, अशा ले-आऊटना नियमितीकरणाचं पत्र देऊ लागली. त्याला सगळं शहर 'आर.एल.' म्हणतं. "५७२ ले-आऊट" आणि "१९०० ले-आऊट" हे शब्द नागपुरात शाळेतल्या पाढ्यासारखे लोकांना तोंडपाठ आहेत. आम्ही मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा आर.एल. आहे का विचारतो! बाबांना आर.एल. मिळाला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते.

मग २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे तुकडे आणि त्यांवरची बांधकामं शुल्क भरून नियमित करता येतील, असं ठरलं. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. म्हणजे मधल्या वीस वर्षांत लोक चुकत राहिले आणि सरकारने चुकीची तारीख वीस वर्षं पुढे सरकवली. मी तक्रार करत नाही, गरीब माणसाला घर पाहिजे आणि ते मिळायला दुसरा रस्ता नव्हता. पण याचा एक परिणाम झाला, तिकडे नंतर येतो.

आमचं घर आर.एल. नंतर नकाशा मंजूर करून रीतसर बांधलेलं. पण २०१६ मध्ये आईच्या दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला. घरातला संडास देशी, आणि तिथे जायला दोन पायऱ्या. तेव्हा तिच्या खोलीला लागून, बाजूच्या मोकळ्या सोडलेल्या जागेत, एक कमोडचं न्हाणीघर काढलं. पुढे पावसाने चिंब होतं म्हणून त्याला टिनाचं शेड जोडलं, आणि शेड झालंच आहे म्हणून त्याखाली कूलर, सायकल, जुना फ्रीज... तुम्हाला माहीतच आहे, जागा झाली की सामान आपोआप येतं. परवानगी काढली नाही. मिस्त्री म्हणाला, "एवढ्यासाठी कोण परवानगी काढते जी?" आणि मला ते पटलं. मला ते पटायला नको होतं.

कारण बाजूची जागा उगाच सोडायला सांगत नाहीत. तिथून हवा-उजेड येतो, आग लागली तर माणूस आत जाऊ शकतो, पावसाचं पाणी वाहून जातं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरले नसतील. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली. चार जणांचे जीव गेले, हजारो घरांत पाणी शिरलं. नंतर जी चर्चा झाली, उच्च न्यायालयात जी प्रकरणं गेली, त्यांत तलावाच्या सांडव्यासमोरच्या स्मारकापासून नदीच्या पात्रात घुसलेल्या बांधकामांपर्यंत सगळं निघालं. तेव्हा बांधकामांवर देखरेख नको, कुणी घरी येऊच नये, असं म्हणणारा माणूस नागपुरात तरी राहत नसावा. मीही तसं म्हणत नाही.

माझी तक्रार येण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

वर ज्या परिणामाबद्दल म्हटलं तो हा, की आमच्यासारख्या शहरात शंभर टक्के नियमात बसणारं घर सापडणं कठीण. कुणाचा जिना बाहेर, कुणाची गॅलरी बंद केलेली, कुणाच्या गच्चीवर खोली, कुणाचं कूलरचं लोखंडी स्टँड शेजाऱ्याच्या हद्दीत. सगळेच थोडे थोडे चुकलेले. आणि सगळेच थोडे चुकलेले असले की, कुणाच्या दारात जायचं हे ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे खरी सत्ता जाते. कायदा सगळ्यांना सारखा, पण मोटरसायकल एकाच दारात थांबते. ती तिथे का थांबली, हे विचारण्याचं आपल्याजवळ एकच साधन असतं, ते म्हणजे कागद. कोणी पाठवलं, कोणत्या कलमाखाली, काय मोजलं, माझं म्हणणं कधी ऐकणार. हे कागदावर आलं की साहेबही बांधला जातो आणि मीही. कागद नसला तर उरते ती फक्त भीती, आणि भीतीचा भाव कसा ठरतो ते "बसून बोलू" म्हणणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

पूर्वी असं काही झालं की नगरसेवकाकडे जायची पद्धत होती. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि आमच्यावर ही वेळ आली तोपर्यंत निवडणूक झालेलीच नव्हती. जायचं कुणाकडे?

आणि या काळात आमच्या घरात काय चाललं होतं? आईचं वय एक्क्याऐंशी. तिने एवढंच ऐकलं होतं की न्हाणीघर पाडणार. चौथ्या-पाचव्या दिवशी बायकोच्या लक्षात आलं की आई संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "सवय करून ठेवते. पाडलं तर रात्री त्या पायऱ्या कोण उतरणार?" जुलै महिना, नागपूरचं ते चिकचिकीत उकडणं, आणि घरातलं म्हातारं माणूस पाणी प्यायचं सोडून बसलंय. कागद नसलेल्या एका वाक्याने एवढं होतं. लेखी नोटीस आली असती तर निदान मी तिला वाचून दाखवू शकलो असतो की अजून काही ठरलेलं नाही, अमुक तारखेला आपल्याला बोलायचंय.

मग मी नेटवर बसून वाचायला लागलो. वकील मित्रानेही दोन गोष्टी पाठवल्या.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बांधकामं पाडण्याबद्दल निकाल दिला. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांचं खंडपीठ. गवई साहेब मूळचे आपल्या अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वकिली केलेले. निकाल सांगतो की आधी कारणे दाखवा नोटीस द्या, रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि बांधकामावरही चिकटवा. मिळाल्यापासून किमान पंधरा दिवस द्या, स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर ती. नोटिशीत नेमकं काय अनधिकृत आहे ते लिहा, सुनावणीची तारीख द्या, माणसाचं म्हणणं ऐकून नोंदवा. आदेशात कारणं लिहा, शुल्क भरून नियमित होण्यासारखं आहे का, आणि पाडण्याशिवाय मार्गच नाही का, तेही लिहा. आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस थांबा. पाडायचंच झालं तर आधी पंचनामा आणि पाडताना चित्रीकरण करा. हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल होऊ शकते. नोटीस मागच्या तारखेची दाखवता येऊ नये म्हणून ती बजावली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेल करायचा, इतका बारीक विचार त्यात आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलाव यांवरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही, आणि ते योग्यच आहे.

निकाल पाडण्याबद्दलचा आहे, नुसतं पाहायला येण्याबद्दलचा नाही, हे मला कळतं. पण पाडण्याची गोष्ट पाहण्यापासूनच सुरू होते ना?

आणि हे वाचता वाचता मी एकदम थांबलो. कारण हा निकाल मी आधी ऐकलेला होता, चार महिन्यांपूर्वी. इथे माझी फजिती.

१७ मार्च २०२५ ला महाल भागात दंगल झाली, ते सगळ्यांना आठवत असेल. शहर हादरलं होतं, मीही चिडलो होतो. २४ मार्चला महापालिकेने त्या प्रकरणातल्या मुख्य आरोपीचं यशोधरानगरातलं दुमजली घर पाडलं. अनधिकृत बांधकाम म्हणून. नोटीस दिल्यापासून अवघ्या दोन-तीन दिवसांत. आरोपीची आई त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. न्यायालयाने स्थगिती दिली, पण तोपर्यंत ते घर संपलेलं होतं. दुसऱ्या एका आरोपीच्या घरावरची कारवाई अर्ध्यात थांबली. म्हणणं ऐकून न घेता केलेल्या या कारवाईवर न्यायालय कडक शब्दांत बोललं. एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांनी न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निर्देशांची माहितीच आपल्यापर्यंत पोचली नव्हती, असं सांगितलं.

त्या २४ मार्चच्या दुपारी आपल्या घरच्या ग्रुपवर जेसीबीचा व्हिडिओ आला होता. कुणी टाकला ते सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी त्यावर अंगठा टाकला होता. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं, पण मी दाखवला तो शाबासकीचाच. "अनधिकृत होतं ना? मग?" असंही खाली लिहिलं होतं.

जुलैमध्ये मी माझ्या अनधिकृत न्हाणीघरासाठी जो निकाल शोधून काढला, तोच तो निकाल. त्या घरातही एक म्हातारी आई होती, आणि कागद मागायला तीच कोर्टात धावली. दंगल ज्याने केली त्याला शिक्षा झाली पाहिजे, यात माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पण ती शिक्षा खटला चालवून न्यायालय देईल. नकाशातल्या चुकीची चौकशी नकाशाच्या कायद्याने होईल. एकाचा हिशेब दुसऱ्या वहीत मांडला की मग वह्यांना अर्थ राहत नाही, आणि माझी वही कोण कुठे मांडेल याचाही नेम राहत नाही. मार्चमध्ये मला हे दिसलं नाही, कारण मोटरसायकल माझ्या दारात नव्हती. याची मला लाज वाटते, आणि ती इथे लिहून ठेवतो.

तसं हे तत्त्व काही २०२४ मध्ये जन्मलेलं नाही. १८६३ साली लंडनच्या वाँड्सवर्थ भागात कूपर नावाच्या माणसाने बांधकाम सुरू करण्याआधी सात दिवसांची सूचना दिली नाही म्हणून तिथल्या मंडळाने संध्याकाळी उशिरा माणसं पाठवून त्याचं घर पाडलं. कायद्याने मंडळाला पाडायचा अधिकार होता. तरी न्यायालयाने कूपरला भरपाई दिली, कारण पाडण्याआधी त्याला विचारलं नव्हतं. त्या खटल्यात न्यायाधीशांनी एका जुन्या निकालातला दाखला दिला की देवानेसुद्धा आदामला बागेतून हाकलण्याआधी त्याचं म्हणणं विचारलं होतं. देवाला काय माहीत नव्हतं का? तरी विचारलं! आपल्याकडे १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. नोटीस न देता हटवायची मुभा कायद्यात असली, तरी माणसाला ऐकून घेणं हाच नियम, न ऐकणं हा अपवाद.

असो. आमचं पुढे काय झालं ते सांगतो.

मी कुणालाही भेटायला गेलो नाही. एक पानी पत्र लिहिलं. अमुक तारखांना अमुक वेळी लोक आले, त्यांची नावं कळवा. तक्रार असेल तर तिचा विषय कळवा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नोटीस द्यायची असेल तर लेखी द्या, सुनावणीला मी हजर राहीन. बांधकाम झालेलं आहे हे मी नाकारत नाही. पत्र आवक खिडकीवर दिलं, शिक्का मारून पोच घेतली. "ठेवून जा" म्हणत होते. मी म्हटलं, "शिक्का मारून द्या ना जी," आणि पाऊण तास उभा राहिलो.

त्यानंतर मोटरसायकल आली नाही. सहा आठवड्यांनी रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. पंधरा दिवस, सुनावणीची तारीख, सगळं व्यवस्थित. ती मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. तिला कायदा कळला नाही, पण "तारीख दिली म्हणजे अजून ठरलं नाही" एवढं बरोबर कळलं.

सुनावणीला एक अभियंता बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. फाईल वाचून आल्या होत्या. नंतर स्वतः ओळखपत्र घालून, वेळ कळवून घरी आल्या, चपला बाहेर काढल्या, मोजलं, आणि मोजलेले आकडे लिहून त्यावर माझी सही घेतली. म्हणाल्या, शेड काढावंच लागेल, ती जागा मोकळी पाहिजे. न्हाणीघराचं शुल्क भरून नियमित होतं का ते बघू, अर्ज करा. जाता जाता आपलं दुखणंही सांगितलं. एका माणसाकडे शेकडो तक्रारी, त्यांतल्या अर्ध्या शेजाऱ्यांच्या भांडणातल्या, आणि साईटवर गेलं की लोक अंगावर येतात. एकदा त्यांच्यावर कुत्रं सोडलं होतं. ऐकून मी गप्प झालो. आपण नोटीस मागतो, पण नोटीस घेऊन आलेल्याला पाणीसुद्धा विचारत नाही, हेही खरंच.

शेड मी दुसऱ्याच आठवड्यात काढलं. जुना फ्रीज भंगारात गेला (बायको खूश). न्हाणीघराचा अर्ज केला, डिमांड नोट आली, पैसे भरले. रक्कम कमी नव्हती, पण पावती मिळाली. "बसून बोलू"ची पावती मिळाली नसती.

तुमच्याही दारात कधी कुणी आलं तर घाबरू नका आणि भांडूही नका. नाव विचारा, ओळखपत्र बघा, कागद मागा, तारीख घ्या. चूक असेल तर कबूल करा. आणि टीव्हीवर दुसऱ्या कुणाच्या दारात जेसीबी दिसला, तो माणूस तुम्हाला कितीही नावडता असला, तरी त्याला कागद मिळाला होता का, एवढं एकदा विचारा. ग्रुपवरचा तो अंगठा मी काढायला गेलो, पण चार महिन्यांचे मेसेज वर सरकवता सरकवता सापडलाच नाही. म्हणून इथे लिहिलं.

आई रात्री उशाशी तांब्या भरून घेऊन झोपते आता.